वापर आढळला नाही

ऑक्टोबरच्या उन्हात बोईसरला दोन वास एकत्र येतात. एक कारखान्यांच्या बाजूचा, उग्र, वर्षभराचा. दुसरा कापलेल्या भाताचा. हा दुसरा फार थोडे दिवस असतो आणि तोही सकाळी, दव सुकायच्या आत. दुकानाचं शटर वर करताना तो आला की मी जराशी थांबते. शेजारच्या भजीवाल्याला वाटतं, बाईंच्या कमरेत कळ आली. वाटू दे.

माझं दुकान झेरॉक्सचं, टायपिंगचं आणि ऑनलाइन अर्जांचं. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे, खुर्ची तीच. लोकांचं म्हणणं सरकारी भाषेत बसवून देणं हा माझा धंदा. माणूस समोर बसून ‘वाट लागली हो आमची’ म्हणतो आणि मी ‘अर्जदाराचे अपरिमित नुकसान झाले असून’ असं टाइप करते. आयुष्य त्यात गेलं. त्यामुळे परवा, भाताचा वास आला त्याच सकाळी, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात एक सरकारी सूचना दिसली, तेव्हा ती कशाची आहे हे मला पहिल्या ओळीतच कळलं. मसुदा परत आला होता. मध्यंतरी विधानसभेत तो मंजूर व्हायचा राहून गेला होता, आता ‘सुधारित’ होऊन आला होता. नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना मुदतीत पाठवाव्यात, असं खाली लिहिलं होतं.

मी पेपराची घडी केली आणि चहा सांगितला. खरं तर राग यायला हवा होता. आला तो कंटाळा.

मसुद्याचं नाव लांबलचक आहे आणि अर्थ आखूड. गावोगावच्या ज्या सार्वजनिक जागा वापरात नाहीत, त्या सरकारने एकत्र कराव्यात आणि उद्योगांना, गोदामांना, रस्त्यांना द्याव्यात. ऐकायला वावगं काहीच नाही. पडीक जागा नुसती पडून कशाला ठेवायची, असं मीही म्हणेन. कारखान्यांविरुद्ध बोलायला मला तोंड नाही. तिथल्या कामगारांच्या अर्जांवर माझी चूल पेटत आली आहे. आणि आमच्या या पट्ट्याला तर जागा द्यायची सवयच आहे. कधी विजेसाठी दिली, कधी कारखान्यांसाठी, कधी रुळांसाठी, कधी रस्त्यासाठी. कोणी मागायला आलं की आम्ही आधी पाणी विचारतो आणि मग कागद वाचतो. पुष्कळदा पाणी देण्यातच वेळ जातो आणि वाचायचं राहतं.

माझी तक्रार दुसरीच आहे. जागा वापरात आहे की नाही हे ठरवायचं कसं, तर पाहणीच्या दिवशी तिच्यावर जे दिसेल त्यावरून. मसुद्यात असंच लिहिलंय. दिसलं तर वापर आहे, नाही दिसलं तर नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याने आपलं जेवणाचं ताट घासून ठेवलेलं कधी बघितलं नसेल का? घासलेल्या ताटाला कोणी ‘इथे जेवण होत नाही’ म्हणतं का? पण असं विचारून चालत नाही. अर्जात उपमा टाकायची सोय नसते.

माझं माहेर पाम गावाच्या बाजूला, समुद्राचा वारा लागेल इतक्या अंतरावर. आमच्यासारखी बागायती घरं, पलीकडे कोळ्यांची आळी, आणि दोघांच्या मधे गावाचं सामाईक खळं. भात झोडायची जागा. चहूबाजूंनी मातीच्या बांधाची बसकी मेर, एका कडेला भोकराचं झाड, बाकी काही नाही. मध्यंतरी स्टेशनवरून माहेरी जाताना रिक्षावाला म्हणाला, “दीदी, वो खाली मैदान के पास छोड़ दूँ?” तो बिचारा गेल्या वर्षीच या भागात आलाय, त्याला काय बोलायचं. मी म्हटलं, हो बाबा, तिथंच सोड.

खाली मैदान. पण बाराही महिने ते खाली असतं कुठे? दसरा झाला की गावकरी त्यावरचं पावसाळ्यातलं गवत खरवडून काढायचे, पाणी मारायचे, चोपण्यांनी चोपून जमीन टणक करायचे. मग शेणाने सारवण. ते वाळलं की अनवाणी पायाला असा काही गारवा लागायचा, की आम्ही पोरी उगीचच या कडेवरून त्या कडेला जायचो. मग भारे यायचे. झोडणीचा धप धप आवाज दिवसभर. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की उपणणी. आत्या सूप डोक्याच्या वर धरायची आणि भुसा माडांच्या दिशेने उडत जायचा. भाताची टोचरी कूस अंगभर. खाजवून खाजवून हात लाल व्हायचे, आणि तरीही कोणी घरी जायचं नाव काढायचं नाही. दुपारी तिथेच मेरेवर तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील. त्या बोंबलाची चव मला नंतर कुठल्याही घरात मिळाली नाही, आणि याचा दोष मी बोंबलाला देत नाही.

भात उरकलं की कोळणी जवळा वाळत घालायला यायच्या. मग लग्नांचे मांडव. मग होळी. एकाचं काम झालं की दुसऱ्याचं. आणि या सगळ्याला एकच नियम होता, कोणी लिहून न ठेवलेला: ज्याने वापरलं त्याने खळं झाडून, मोकळं करून जायचं. मागे काडीसुद्धा ठेवायची नाही. पुढच्याला ते मोकळंच मिळालं पाहिजे. आणि खळ्यावर चपला घालून पाऊल टाकायचं नाही, मग तो पाटील असो की जावई.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न गावातल्या गावातच झालं, सासरच्या ओट्यावरून खळं दिसतं. नियम कोणी मोडला की ती ओट्यावरूनच हाक मारायची. तिला कोणी नेमलं नव्हतं, पण तिच्या आवाजापुढे कोणाची टाप नव्हती. एकदा मांडववाला दोऱ्यांचे तुकडे तसेच टाकून चालला होता, तर त्याचा टेम्पो रस्त्यातून परत बोलावून घेतला होता तिने.

आता त्या वर्षाचं सांगते. मसुदा पहिल्यांदा आला ते वर्ष.

तेव्हाही हाच मोसम. भात उभं राहिलेलं, कापायला माणसं मिळेनात, आणि अशात सरकारने हरकती मागवल्या. कोण वाचणार? ज्यांच्या जागा होत्या ते वाकून कापत होते. माझं पहिलं मत इथेच नोंदवते, की ज्यांना विचारायचं आहे त्यांचे हात मोकळे असतील तेव्हा विचारावं. वैशाखात विचारा, आम्ही झाडाखाली बसून पानंच्या पानं वाचू. मसुदा मराठीत होता म्हणतात, म्हणजे अक्षरं देवनागरी होती. माझं पोट या भाषेवर चालतं, तरी एकेक कलम मला पुन्हा पुन्हा वाचावं लागलं.

कापणी झाली, झोडणी उरकत आली, आणि ग्रामपंचायतीत निरोप आला की कायदा व्हायच्या आधीच जागांची यादी तयार हवी म्हणून खळ्याच्या पाहणीला साहेब येणार. गावाने काय केलं असेल?

त्या वेळी खळ्याच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. झोडायचे दगड तिथंच होते. अर्ध्या भागावर कोळणींनी जवळा पसरला होता, त्याचा वास शाळेपर्यंत जात होता. इतकं भरलेलं खळं वर्षात क्वचित दिसतं. साहेब तसेच आले असते तर एक शब्द बोलावा लागला नसता. पण आत्याने निरोप ऐकला आणि पदर खोचला.

“पावने येनार नि खल्यावर पसारा? लोकां काय म्हनतील आपल्याला?”

झालं. गाव कामाला लागलं. उडव्या मोडून पेंढा दादाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, अंगणात आला. दगड मेरेपलीकडे गेले. कोळणींनी कुरकुर न करता अर्धा ओला जवळा गोळा केला. सरकारी माणसाला वास नको यायला. वाणगावच्या पलीकडच्या डोंगरपाड्यावरून जानकी दरवर्षी कापणीला येते, तिने आणि आत्याने मिळून सगळं खळं पुन्हा सारवलं. कोपऱ्यात रांगोळी काढली. दोघी दिवसभर खपल्या. मी इथे बोईसरला अर्ज टाइप करत होते आणि माझ्या माहेरी माझी माणसं अत्यंत प्रेमाने आपला पुरावा झाडून काढत होती.

साहेब तरुण होता, भला होता. आत्याने सांगितल्यावर बूट काढून मोज्यांवर आला. शहाळं प्यायला. मोबाइलवर फोटो काढले. “इथे काय होतं, आजी?” असं विचारलं.

“सगला होतं. भात, जवला, लग्ना.”

“आत्ता काय आहे?”

“आत्ता काय,” आत्या अभिमानाने म्हणाली, “आत्ता मोकला हाय. बघा ना, आरसा हाय आरसा.”

त्याने तेच लिहिलं. जे दिसलं ते लिहिणं हे त्याचं काम होतं, त्याला मी बोल लावत नाही. दादा कागदाची प्रत घेऊन दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला आला. वर सगळं मोजमाप, आणि खाली: जागा स्वच्छ व मोकळी आहे, कोणताही वापर आढळला नाही. त्याखाली पंच म्हणून दादाची सही. “स्वच्छ लिवलंय, आत्याला सांग, खूश होईल,” तो म्हणाला. मग मलाच हसू आलं, आणि हसता हसता कधी रडू यायला लागलं ते कळलं नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते बिचारं पुढच्या दुकानात गेलं.

नंतर पालघरला सुनावणी झाली. थंडी पडली होती तरी आत्या तिचं जुनं हिरवं लुगडं नेसून भल्या सकाळी तयार. मी हरकत लिहिली होती, माझ्या आजवरच्या कामातली सगळ्यात चांगली. ‘परंपरागत’, ‘सामुदायिक’, ‘हंगामी’, जेवढे वजनदार शब्द येतात तेवढे घातले होते. टेबलामागच्या बाईंनी शांतपणे वाचली आणि वापराचा पुरावा मागितला. एखादा फोटो? खळ्यावर भाताची रास आहे असा?

फोटो कुणाकडेच नव्हता. असणार कसा? रास पडली की तिच्याकडे बोट दाखवायचं नसतं, मापताना बोलायचं नसतं, पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. राशीला दृष्ट लागते. तिचा फोटो काढायला आमच्यात कोण धजणार? गावात सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहेत. पोरं वासरांचे, माशांचे, चिखलाचे फोटो काढतात. राशीचा एकानेही काढला नव्हता. एका लग्नाचा निघाला, त्यावर बाई म्हणाल्या की हा प्रासंगिक वापर झाला.

मग आत्या उठली. मी तिचा पदर ओढला, पण ती उठली. “बाय,” ती म्हणाली, “आमी वापरतो म्हनून तो मोकला हाय. नाय वापरला असता तर रान माजला असता ना तिथं? झाडतो कोन मंग?”

बाईंनाही ते पटलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला. पण पटलेलं लिहायला त्यांच्या कागदावर रकाना नव्हता. “तुमचं म्हणणं नोंदवलं आहे,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मी स्वतः इतक्यांदा टाइप केलंय की त्याचा अर्थ मला सांगावा लागला नाही.

परत येताना मी आत्याला विचारलं, दमलीस का? ती म्हणाली, “काम करून दमतं मानूस. आपला घर आपला हाय असा सांगून दमायचं म्हंजे काय?”

माझी मतं मागितली आहेत तर देते, पण पूर्वीसारखा उत्साह नाही. कायदा करणाऱ्यांना उभं असलेलं दिसतं: भिंत, शेड, कुंपण, पाटी. काम करून उचलून नेलेलं त्यांना दिसत नाही. ज्याने दांडगाईने सामाईक जागेवर पत्रे ठोकले, त्याचा वापर सिद्ध होतो. ज्यांनी दुसऱ्यासाठी जागा मोकळी ठेवली, त्यांच्याकडे पुरावा नसतो. अशा कायद्याने शहाणा माणूस काय शिकेल? मी हे सगळं पुन्हा लिहून पाठवणार आहे. पाठवायचं ते पाठवायचं, एवढंच. सुधारित मसुद्यात काय सुधारलंय ते शोधत मी एक दुपार घालवली. एक ओळ सापडली: ‘यापूर्वी झालेल्या पाहणीचे अहवाल ग्राह्य धरण्यात येतील, मात्र फेरपाहणीत प्रत्यक्ष वापर दिसून आल्यास त्याचा विचार करता येईल.’ म्हणजे आरशासारखं ते खळं कागदावर अजून तसंच लखलखतंय. या मोसमात फेरपाहणी. तेवढी एक संधी.

रविवारी गावी गेले. झोडणी आदल्या दिवशी संपली होती. दादाने मला वाटेतच गाठलं. गावात बैठक झाली होती; कोणी म्हणालं, खळ्यावर पत्र्याची शेड टाकू, कोणी म्हणालं, बंद पडलेला टेम्पो आणून उभा करू. दिसलं पाहिजे काहीतरी. आत्याने सगळं उडवून लावलं होतं. “खल्यावर लोखंड नाय आनायचा,” एवढंच म्हणाली म्हणे, आणि ओट्यावर जाऊन बसली. “तूच बोल आता तिच्याशी,” दादा म्हणाला, “तुझं ऐकंल.”

माझं ती कधी ऐकत नाही. तरी गेले.

खळ्यावर पेंढ्याच्या काड्या पडल्या होत्या. भुशाचे पुंजके, फाटकी गोणपाटं, चहाचे कागदी कप. वारा आला की कप इकडून तिकडे लोळत जायचे. भोकराखाली जानकी आपलं गाठोडं बांधत होती. आता ती घरी जाऊन नवं भात देवाला दाखवील, दोन दिवस आपल्या माणसांत राहील आणि मग वीटभट्टीची वाट धरील. मी तिला विचारलं, तुमच्या पाड्याचीही पाहणी होणार आहे का गं? “आमची जागा कवा लिवली कुनी,” ती म्हणाली, “जी लिवलीच नाय तिची पाहनी कशी हुयाची, बाय?” आणि हसली. गाठोडं बांधून झाल्यावर तिने सवयीने मेरेला टेकवलेला खराटा उचलला.

“ठेव तो,” ओट्यावरून आवाज आला.

जानकी थबकली. “झाडू नको?”

“नको. ऱ्हाऊ दे. सायब येवून जाऊ दे.”

जानकीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तिने खराटा होता तिथे ठेवला आणि गाठोडं डोक्यावर घेऊन मेरेच्या बाहेरून, लांबच्या वाटेने निघून गेली. खळं न झाडता ती आयुष्यात पहिल्यांदा घरी चालली होती, आणि तिला काहीतरी विसरल्यासारखं वाटत असणार, कारण वळणावर तिने मागे बघितलं.

आत्या खळ्याकडे पाठ करून बसली होती. इतक्या वर्षांत मी तिला त्या ओट्यावर तशी बसलेली पाहिली नव्हती. हात मांडीवर. नेहमी काही ना काही निवडत असायची, आज नुसती.

मसुद्यावर हरकती पाठवायची मुदत अजून आहे. अधिवेशन व्हायचंय, चर्चा व्हायचीय, मतदान व्हायचंय. कायदा होईल की नाही हे कोणालाच ठाऊक नाही.

तिच्याकडे जायला खळं ओलांडायचं होतं. मी मेरेपाशी थांबले, लहानपणापासूनच्या सवयीने वाकले आणि चपला काढायला लागले.

“घालून ये,” आत्या वळून न बघता म्हणाली. “कचरा हाय तिथं. पायाला लागंल.”